न पाहिलेली गळती

शिवपुरी सोडून वीसेक किलोमीटर झाले असतील, तोच तापमानाचा काटा पुन्हा वर सरकू लागला. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, खाली वाकून पाहिलं. रस्त्यावर एक थेंब नाही. इंजिन निवेपर्यंत बाभळीच्या सावलीत येरझाऱ्या घातल्या आणि मग पाणी ओतलं, तर दीड लिटर आत गेलं. नाशिकहून निघाल्याला तिसरा दिवस होता. गाडी पाणी पीत होती आणि ते कुठे सोडते आहे याचा पत्ता लागू देत नव्हती.

मागच्या सीटवर एक कर्णा, एक बॅटरी, दोन सतरंज्या आणि पत्रकांचे चार गठ्ठे होते. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता धौलपूरच्या पलीकडे, दगडखाणीच्या एका वस्तीत सभा होती. दगडाच्या धुळीनं तिथल्या माणसांची फुप्फुसं चाळिशीच्या आत निकामी होतात. खाणी अमावास्येलाच बंद असतात, म्हणून लोक त्याच दिवशी जमू शकतात, लांबून पायी येतात. बस वस्तीपर्यंत जात नाही. उद्याची अमावास्या चुकली, तर माणसं रिकाम्या मैदानात बसून परत जाणार होती आणि मग महिनाभर वाट पाहायची.

मी पत्रकांवर वाढले. बाबा कामगार संघटनेचं काम करायचे; ही गाडीही त्यांचीच. इतर मुलं सुट्टीत मामाकडे जात, मी पत्रकांच्या घड्या घालत असे. आमच्या घरात प्रत्येक गोष्टीचा दोषी ठरलेला असे आणि त्याचं नाव जाड ठशात असे. उद्याचं पत्रक मी स्वतः लिहिलं होतं. त्यातही जाड ठशात एका ठेकेदाराचं नाव होतं: हा माणूस ड्रिलला जोडलेली पाण्याची नळी काढून ठेवायला लावतो, कोरडी भोकं पाडून घेतो, धूळ त्यामुळे उडते. ते वाक्य मला फार आवडलं होतं.

ग्वाल्हेरला किल्ला आधी दिसतो, शहर नंतर. डोंगराच्या माथ्यावर तो इतका लांब पसरला आहे की गाडी पुढे जात असूनही आपण त्याच्या एकाच टोकाशी अडकलो आहोत असं वाटतं. त्या दिवशी तर प्रत्येक गोष्ट मला अडवून धरते आहे असं वाटत होतं. अडीच वाजले होते. चौकात बेडई (उडदाच्या डाळीचं सारण भरलेली पुरी) तळणाऱ्याकडे मी उभ्या उभ्या चौकशी केली. त्यानं झाऱ्यानंच दिशा दाखवली.

"शिंदे की छावनी में जगताप साहब के यहाँ जाओ. मराठी हैं, आपके ही लोग."

जगतापांचं गॅरेज म्हणजे दोन गाड्या मावतील एवढी पत्र्याची शेड, आणि मागे लागून घर. साठीचे, बारीक अंगाचे गृहस्थ. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. नंबरप्लेट पाहून ते मराठीतच बोलले.

"नाशिक? मग आमच्याच बाजूचे तुम्ही. आमचे लोक सातारचे. फौजेबरोबर आले ते इथलेच झाले."

"काका, सातारा नाशिकपासून खूप लांब आहे."

"इथून बघितलं तर जवळच आहे," ते म्हणाले.

मला हसायला सवड नव्हती. मी भराभर सगळं सांगितलं. गुन्याच्या मेकॅनिकनं रबरी पाइप फुटला आहे असं सांगून तो बदलला. शिवपुरीच्या मेकॅनिकनं रेडिएटरचं झाकण बदललं. दोघांनीही बॉनेट उघडताक्षणी दोष सांगितला होता. आणि आता माझी खात्री होती की पाण्याचा पंपच गेला आहे. तेवढा बदला, मला जाऊ द्या.

"पंप गळताना तुम्ही पाहिला?"

"पाहिला नाही. पण शंभर टक्के तोच आहे."

"न पाहता शंभर टक्के. मतलब पाहिला असता तर दोनशे झाले असते." त्यांनी बॉनेटवर हात ठेवून तो लगेच उचलला. "अजून गरम आहे. दोन तास हात नाही लावायचा. फिरून या."

"मला उद्या अकराला धौलपूरच्या पुढे पोचायचंय. तिथे माणसं वाट बघतायत."

"तुम्हाला जल्दी आहे ताई, इंजनाला नाही."

मी पाय आपटतच निघाले. लष्कर भागातून चालत पाटणकर बाजारापर्यंत गेले. दुकानांवरच्या पाट्या हिंदीत, पण आडनावं आपली. एका दारात दोन बायका भांडत होत्या. सुरुवात मराठीत झाली, रंग चढल्यावर हिंदी आली आणि समेट पुन्हा मराठीत झाला. एरवी मी तिथे अर्धा तास उभी राहिले असते. गोरखीकडे वळले तेव्हा तिथली शाळा सुटत होती आणि रिक्षांनी रस्ता पार तुंबला होता. थंडी संपत आली होती तरी गजक (तीळ आणि गूळ कुटून केलेली पापुद्र्यांची वडी) अजून मिळत होती. एक पुडा घेतला, चव न कळता अर्धा संपवला. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. दोन तासांचं फिरणं मी सव्वा तासात उरकलं आणि परत येऊन उरलेला वेळ शेडच्या दारात उभी राहिले.

इंजिन निवल्यावर जगतापांनी ते धुऊन, हवा मारून कोरडं ठाक केलं. आता ते जुन्या मोज्यात खडूची पूड भरून ती इंजिनवर थापटत होते. काळं लोखंड हळूहळू पांढरं झालं. रेडिएटरच्या तोंडावर त्यांनी घरीच बनवलेलं एक झाकण बसवलं. त्याला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह होता. त्यांची मुलगी मृणाल नुकतीच कामावरून आली होती, ती एका शाळेत गणित शिकवते. पर्स खुंटीला अडकवून तिनं सायकलचा पंप घेतला आणि सवयीनं हवा भरू लागली, आतलं पाणी दाबानं गळतीतून बाहेर यावं म्हणून.

"दीदी, आता फक्त बघायचं," ती मला म्हणाली. "बाबा बोलेंगे नहीं. तुम्हीपण बोलू नका."

दहा मिनिटं काही झालं नाही. पाण्याच्या पंपाजवळची पूड कोरडी होती, माझ्या शंभर टक्क्यांसकट. पाइपांवरची कोरडी होती. मग अगदी खाली, गिअरबॉक्सच्या सांध्याजवळ, पुडीवर एक राखाडी ठिपका उमटला.

"तिथे आहे," मी म्हणाले.

"तिथे पाणी पोचलंय," जगताप म्हणाले. "निघालंय कुठून, ते वर शोधायचं."

त्यांनी दाढीचा छोटा आरसा तारेला बांधला, टॉर्च तोंडात धरला आणि ओल्या रेघेमागून आरसा वर नेत राहिले. मग बाजूला झाले आणि आरशाची तार माझ्या हातात दिली.

"बघा. आणि जे दिसेल ते लिहा."

हा तिथला रिवाज होता. जगतापांचे आजोबा संस्थानच्या फौजेत मोटारी सांभाळायचे. तिथे नियम असा, की डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बिघाडाचं नाव वहीत चढवायचं नाही. वही गेली, पण या घरानं नियम ठेवला. दोष सापडला की मालकानं तो स्वतः पाहायचा आणि बॉनेटवर खडूनं स्वतःच्या हातानं लिहायचा. त्याशिवाय पाना फिरत नाही.

मला आधी स्वतःचा डोळाच दिसला. मग हात स्थिर केला. इंजिनच्या ठोकळ्याच्या पाठीला वाटीसारखी पत्र्याची टोपी बसवलेली असते, आतल्या पाण्याचं भोक बुजवायला. तिच्या कडेला तपकिरी फोड आला होता आणि त्यातून पाण्याचा केसाएवढा धागा निघत होता. इंजिन तापलं की तो लगतच्या सायलेन्सरच्या पाइपवर पडायचा आणि वाफ होऊन जायचा. म्हणून रस्त्यावर थेंब सापडत नव्हता.

मी बॉनेटवर लिहिलं: मागची टोपी, गंजलेली.

मग पाना फिरला. तासाभरानं टोपी निघाली. बाहेरून थोडीच खराब होती. आतून पापुद्रे सुटत होते. जगतापांनी ती माझ्या तळहातावर ठेवली.

"हिरवं पाणी टाकत नव्हता का? कूलंट?"

"आमच्याकडे टाकत नाहीत," मी म्हणाले, आणि म्हणताना माझी मान ताठ झाली. "साधं पाणी पुरतं. कंपन्यांनी रंगीत पाणी विकायचा धंदा मांडलाय. बाबांनी त्यावर पत्रक काढलं होतं, टॅक्सीवाल्यांत वाटलं होतं. मी घड्या घातल्या होत्या त्याच्या."

त्यांनी टोपीचा एक पापुद्रा नखानं सोडवला. मग म्हणाले, "बाकी कंपन्यांचं मला माहीत नाही. पण पाण्यात लोखंड गंजतं, ताई. लोखंडाला पक्ष नसतो."

मृणालला हसू आवरेना. तळहातावर गंजाचा डाग पडला होता. ज्या ज्या टॅक्सीवाल्यानं आमचं पत्रक वाचलं असेल, त्याची टोपी आता कशी असेल, हाच विचार डोक्यात घोळत राहिला. बाबांना फोन केला.

"बाबा, इंजिन आतून गंजलंय. साध्या पाण्यानं."

"कोण म्हणतं?"

"कोणी म्हणत नाही. मी पाहिलं."

"मग तसंच असेल," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

नंतर मी दुसरा फोन केला. धौलपूरचे कार्यकर्ते रामनरेशभाई. ठेकेदाराची गोष्ट मला त्यांनीच सांगितली होती. मी विचारलं, नळी काढताना तुम्ही पाहिलंय? कोणी पाहिलंय?

"अरे बहनजी, सब जानते हैं."

"देखा किसने है?"

"देखा तो... सब कहते हैं न."

मी शेडमध्ये परत आले आणि गठ्ठे सोडले.

रात्री जेवायला बसवल्याशिवाय काकूंनी, म्हणजे जगतापांच्या पत्नीनं, पेनाला हात लावू दिला नाही. वरण-भात, वांग्याची भाजी आणि बाजूला बुकनू (मीठ, हळद आणि मसाल्यांची कुटून केलेली पूड). ताटं उचलल्यावर आम्ही तिघी सतरंजीवर बसलो आणि प्रत्येक पत्रकातलं ते एक वाक्य काळ्या पेनानं खोडू लागलो. मी खोडणाऱ्यांतली नाही. प्रत्येक रेघेला दातांखाली खडा आल्यासारखं होत होतं.

"पहले छापती हो, फिर काटती हो," मृणाल म्हणाली. "माझ्या वर्गात असं केलं तर मी मार्क कापते."

"तुझ्या वर्गात नाव छापल्यानं कुणी तुरुंगात जात नाही," काकू तिला म्हणाल्या. मग मला, "नाव खोटं आहे का गं?"

"माहीत नाही, काकू. तेच तर."

सकाळी सात वाजता नवी टोपी आणि हिरवं पाणी घेऊन गाडी सुरू झाली. मुरैना मागे पडलं. चंबळच्या दोन्ही काठांना बीहड (पावसानं कापलेल्या मातीच्या खोल घळी) लागले. रस्ता सोडून दहा पावलं गेलेला माणूस दिसेनासा व्हावा असा मुलूख. मी तो नीट पाहिला नाही. नजर काट्यावर होती. तो अर्ध्यावर येऊन थांबला आणि तिथेच राहिला.

साडेदहाला वस्तीत पोचले. माणसं आधीच येऊन बसली होती. पुरुष थोडे, बायका जास्त. पुरुष थोडे का, ते विचारावं लागलं नाही. कर्णा लावला, पत्रकं वाटली. पुढच्या रांगेत रामकली नावाच्या पन्नाशीच्या बाई होत्या. शेजारच्या मुलीनं त्यांना पत्रक वाचून दाखवलं आणि ती काळ्या पट्ट्याशी अडली.

"यहाँ का लिखा था?" रामकलीनं मला विचारलं.

मी सांगितलं. नळीचं सांगितलं, नावही सांगितलं, आणि हेही, की ते मी पाहिलेलं नाही, पाहिलेला माणूसही मला भेटला नाही, म्हणून खोडलं.

त्यांनी पदर खांद्यावर सारखा केला. "नली तो मैं ही खोलती थी," त्या म्हणाल्या. "रोज सुबह. खोलके कोठरी में धर आती थी. वो कहता था, सूखा जल्दी होता है. ड्रिल पे मेरा आदमी रहता था."

कर्णा चालू होता. त्यांचं बोलणं मागच्या रांगेपर्यंत गेलं. त्यांचा नवरा गेल्या पावसाळ्याआधी खोकून खोकून गेला होता; ते तिथे सगळ्यांना माहीत होतं, नळी त्याच उचलायच्या हे कुणालाच नव्हतं.

मी खाली बसले. त्यांना हळू आवाजात म्हटलं, की तुम्ही पाहिलं एवढंच लिहू. नळी कोणी उचलली हे लिहायची गरज नाही. लोक तुम्हाला बोल लावतील.

"तो फिर तूने का देखा?" त्या म्हणाल्या. "जैसा है वैसा लिख."

मी काळ्या पट्ट्याखालच्या कोऱ्या जागेत त्यांच्या शब्दांत लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्यांनी अंगठा दिला. मग मागच्या रांगेतून एक बाई उठून पुढे आली. तिनंही नळी काढली होती.

परतीचा रस्ता लांब होता. ग्वाल्हेर, शिवपुरी, गुना, इंदूर. काटा हलला नाही, तरी मीच स्वस्थ नव्हते. दोषी शोधायला मी निघाले होते, आणि तो चुकीचा नव्हता. माझ्या वाक्यातला ठेकेदार खराच होता. पण माझ्या वाक्यात दुसरं कुणी नव्हतंच. रोज सकाळी नळी उचलून ठेवणारे हात मी लिहिले नव्हते, कारण ते लांबून दिसत नाहीत.

नाशिकला आल्यावर नवं पत्रक काढलं. त्यात पहिली ओळ रामकलीची आहे. बाबा माझी प्रत्येक पहिली ओळ बदलतात. या वेळी त्यांनी प्रुफं दोनदा वाचली आणि तशीच परत दिली.

"आणि गाडीत इतकी वर्षं पाणी मी ओतत आलो," ते म्हणाले, "हेही कुठेतरी लिही. माझं नाव घालून."