दोन अंशांचे पाणी

बावीस जानेवारी, दुपारचे पावणेचार. जहाज अरबी समुद्रात उभे होते आणि साडेतीन हजार मीटर खोलीवर पाणी भरून घेतलेली आमची नळकांडी तारेवरून नुकतीच डेकवर आली होती. पहिल्या नळकांड्याची तोटी उघडून मी बाटली धरली, तेवढ्यात मोहिमेचे प्रमुख जिना उतरून माझ्याजवळ आले. हातातला कागद त्यांनी लगेच दिला नाही. आधी म्हणाले, "बाटली भरून घे." ती भरली, बूच लावले, मग वाचले. शरूताई गेली. कोल्हापूरच्या रुग्णालयात, हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी. तोटीतून पाणी अजून गळत होते आणि माझी बोटे बधिर झाली होती... त्या पाण्याला हात लावायला खरे तर तिने माझ्या शेजारी असायला हवे होते.

शरूताई माझी चुलत बहीण, माझ्याहून सतरा वर्षांनी मोठी. हातखंब्याजवळच्या एका हायस्कुलात ती विज्ञान शिकवायची आणि रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या घरातून रोज एसटीने जायची. सागरविज्ञान शिकण्यासाठी तिला गोव्यात प्रवेश मिळाला होता. त्याच वर्षी काका मुंबईत नोकरीवर असतानाच वारले, पाठचे दोन भाऊ शिकत होते, आणि ताईने बीएड केले. याबद्दल ती कधी हळहळली नाही. पण मी सातवीत असताना, मे महिन्याच्या सुट्टीत, तिने स्वयंपाकघरातल्या ओट्यावर काचेची पेटी मांडली, ती साध्या पाण्याने भरली आणि एका कोपऱ्यात निळ्या शाईच्या पाण्याचा बर्फ सोडला. वितळणारी निळाई सरळ खाली उतरली आणि पेटीच्या तळाला चिकटून सावकाश दुसऱ्या टोकाकडे सरपटू लागली.

"ढवळलं कुणी?" तिने विचारले.

"कुणीच नाही."

"मग चाललंय कसं, गो?"

तिने सांगितले, वारा समुद्राला फक्त वरून ढकलतो, खोल पाण्याला ढकलते ते वजन. ध्रुवांजवळ पाणी कमालीचे गार होते. त्यातले काही गोठते तेव्हा त्याचे मीठ मागे उरलेल्या पाण्यात राहते. गार आणि खारट, असे दुहेरी जड झालेले ते पाणी बुडते, त्याची जागा घ्यायला दुसरे येते, आणि बुडालेले तळातळाने पुढे सरकत राहते. "दक्षिण ध्रुवाकडून निघालेलं पाणी शेकडो वर्षं चालत आपल्या समुद्रात पोचलंय," ती म्हणाली. "आपण इथं घामानं निथळतोय, नि तिथं खाली दोन अंश. फ्रिजपेक्षा गार!" मी पुढे जे काही झाले त्याचे मूळ त्या ओट्यावर आहे, हे मी अनेक मुलाखतींत सांगितले; तिला मात्र बहुधा कधीच सांगितले नाही.

गेल्या मे महिन्यात मी तिच्यासाठी तळाच्या पाण्याची एक बाटली आणली. मोजमापांनंतर उरलेले, जहाजावर ओतूनच द्यायचे पाणी. तिने बाटली दोन्ही हातांत घेतली, गालाला लावली आणि म्हणाली, "हे काय, एवढ्या लांबून आणलंस नि कोमट?" दुसऱ्या दिवशी सुट्टीतल्या जादा तासाची पोरे घरी बोलावली. पेटीत भाट्याच्या समुद्राचे पाणी भरले, तळाचे पाणी निळे केले आणि चमच्याच्या पाठीवरून अलगद सोडले. ते बुडणार याबद्दल तिला शंका नव्हती. मलाही घाईत सुचले नाही. निळा थर वरच पसरला.

"मॅडम, तळातला पानी वरच ऱ्हायला की!" एक मुलगी ओरडली.

"तळात कंटाळला असेल," दुसरीने जोडले, आणि सगळी खिदळली.

ताईने पेटीवर वाकून निळा थर निरखला. मग कपाळावर हात मारून हसली. अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी उन्हाने आटत असते, म्हणून ते तळाच्या पाण्यापेक्षा अधिक खारट. तळाच्या पाण्याला इथे तळाशी धरून ठेवते ती त्याची थंडीच. ती वाटेत निघून गेल्यावर तेच पाणी हलके ठरले होते. उरलेले तिने रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले आणि सकाळी पुन्हा सोडले, तेव्हा ते दगडासारखे खाली गेले. "मीठ तू आणलंस, थंडी तेवढी राहिली," ती मला म्हणाली. "ती काही बाटलीत यायची नाही. मलाच तिथं जायला हवं. मला त्या पाण्यात हात घालायचाय."

आमच्या मोहिमेत एका शिक्षकासाठी जागा असते. मी अर्ज करायला लावला, तिची निवड झाली. नोव्हेंबरात जहाजासाठीची वैद्यकीय तपासणी झाली आणि झडपेचा दोष निघाला. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले: गोळ्या घेऊन सांभाळून राहायचे, पण मग समुद्रावर जायचे नाही; किंवा शस्त्रक्रिया. मी दोन्हींचे फायदे-तोटे समोरासमोर मांडून दाखवले, निर्णय तुझा म्हणाले. तिचा निर्णय माझे बोलणे संपण्याआधीच झाला होता. "यंदाचं जहाज गेलं. पुढच्या वर्षीचं नाही सोडायचं," ती म्हणाली. माझी मांडणी आजही मला चूक वाटत नाही. पण ती जागा मी सुचवली नसती तर तपासणी झाली नसती, दोष कळला नसता, ती गोळ्यांशिवाय, काही न कळता, कदाचित अजून काही वर्षे त्याच एसटीत बसली असती... या विचाराला पुरावा नाही, आणि म्हणून तो खोडूनही काढता येत नाही.

जानेवारीच्या आरंभी मी मडगावची गाडी पकडली तेव्हा ती रत्नागिरी स्टेशनवर आली होती. "तापमान, क्षारता, सगळं लिहिशील, ते ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "मला आकडे नकोत. हाताला कसं वाटलं ते सांग."

"गार वाटणार, आणखी काय?"

"शास्त्रज्ञ झालीस, पण बोलायला काही शिकली नाहीस," ती म्हणाली, आणि गाडी सुटली.

जहाज एका माणसासाठी वळत नाही. अंत्यसंस्कार झाले, पुण्यानुमोदनाचा विधी झाला, आणि मग मी भाट्याला पोहोचले. वहिनी, म्हणजे ताईच्या धाकट्या भावाची बायको, मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"शेवटचे पंधरा दिवस ताईंचा इथंच खेळ चालायचा," ती म्हणाली. "समुद्राचं पाणी पातेल्यात, भोवती बर्फ नि खडेमीठ. मी म्हटलं, कुल्फी करताय काय? तर म्हणे, हो, बिनसाखरेची. मग हात घालून डोळे मिटून उभ्या. मी रागवायची, काढा तो हात. तर म्हणायच्या, थांब गो, जरा ओळख करून घेऊ दे."

डेकवर त्या दिवशी सवयीने मी पाण्याचे तापमान घेतले होते: तळाशी दोन अंशांना भरलेले पाणी उष्ण थरांतून वर येईपर्यंत साडेसहा अंशांवर गेले होते. जहाजावर कुणाच्याच हाताला दोन अंश लागत नाहीत, हे मला इतकी वर्षे माहीत होते आणि ताईला सांगायचे कधी सुचले नव्हते.

ओट्यावरच्या भिंतीला दिनदर्शिका होती. जानेवारीच्या चौकोनांत वहिनीने दुधाचा हिशेब मांडला होता आणि त्याखाली ताईच्या बारीक अक्षरात, पेन्सिलीने, पातेल्यातले तापमान. नऊ. साडेसहा. चार. तीन पूर्णांक दोन. कोल्हापूरला निघण्याच्या आदल्या दिवसाच्या चौकोनात दूध एक लिटर, आणि खाली १.९.