छोट्या ट्रॅक्टरवर लादलेलं लोखंड

भावाने छोट्या ट्रॅक्टरच्या तोंडाला जे लोखंड आवळलं होतं, ते आठवलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

माझं माहेर पारोळ्याजवळचं. आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, गुडघे कामातून गेलेले. काठी टेकत बांधापर्यंत जायचं म्हटलं तरी दोनदा बसावं लागे. छोटा ट्रॅक्टर आला आणि माणूस पुन्हा शेतात दिसू लागला. सीट खाली, क्लच हलका, कपाशीच्या ओळींतून सहज जाणारा. कोळपणी ते स्वतः करायचे, कुणाची मिनतवारी नाही.

धाकट्या भावाला मात्र त्यावर मोठ्या ट्रॅक्टरची कामं करायची होती. त्याने मुरमाची ट्रॉली जोडली. चढावर ट्रॅक्टरचं तोंड वर उठायचं, मागची चाकं जागच्या जागी फिरायची. आधी दोन गडी पुढे बंपरवर बसवले. आमच्याकडे सगळेच बसवतात. मग अमळनेरहून बंद तेलगिरणीच्या भंगारातलं जाडजूड लोखंड आणून पुढे बांधलं, वजन वाढावं म्हणून मागच्या टायरांत पाणी भरलं. वर दसऱ्याला त्या लोखंडाला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. मला शिसारी आली.

सासरी, असोद्याला, आमच्या केळीच्या बागेत असाच ट्रॅक्टर आहे, म्हणून यातलं थोडं कळतं. वजन मुळात वाईट नाही. ओढकामाला बेताचं असलं तर चाक घसरत नाही, टायर कमी झिजतो. काम झालं की ते उतरवून ठेवायचं असतं. आणि न पेलणारं ओझं लावलं तर चाक घसरतं तेच बरं, ओढ तिथेच सुटते. चाक जमिनीला दाबून धरलं की तीच ओढ आत गिअरवर येते. हे मी भावाला सांगितलं.

"ताई, तू तुन्या केळी देख," तो म्हणाला. "आते घसरस का?"

नव्हता घसरत. फुशारकी मारायला तेवढंच पुरेसं होतं. लोखंड मात्र बारा महिने तसंच. आबा कोळपणीला बसले की स्टिअरिंगशी झटायचे, दंड भरून यायचे. चाकाखालची माती दबून फरशी व्हायची. "लोखंड काढ रे भो," ते म्हणत. भाऊ म्हणे, उद्या काढतो. त्याच्या त्या उद्याचा मला वीट आला होता.

मग एका चढावर, भरल्या ट्रॉलीसकट, ट्रॅक्टरच्या पोटात कडाडलं आणि तो बसला तो बसलाच. ओढून घरी आणल्यावर मेकॅनिकने अंगणात त्याच्या गिअरचं तेल काढलं. काळंकुट्ट, घाण वासाचं, लोखंडाच्या चुऱ्याने चमचमणारं, आणि शेवटी गिअरच्या दातांचे तुकडे. भाऊ बाजूला पचकन थुंकला. म्हणे, मशीनच लेचंपेचं होतं. शरम नावालाही नाही.

आबा ओट्यावर बसून सगळं पाहत होते. भाऊ त्यांच्याजवळ गेला आणि मोबाईलवर एका मोठ्या ट्रॅक्टरचा फोटो त्यांच्यापुढे धरला. आता हाच घेऊ, म्हणाला. आबांनी चष्मा सारखा करून तो नीट पाहिला.

"याना क्लच मन्हा पायघाई दबाई का?" त्यांनी गुडघ्यावर हात ठेवत विचारलं.

भावाने मान वर केली नाही. अंगठ्याने पुढचा फोटो सरकवत तो म्हणाला, "आबा, तुमले आते शेतमा जाईसन काय करनं शे?"