उंबऱ्यावरची राख

सुईणीच्या कामात लेकरू आईपाशी राहतं, किस्सा मात्र आपल्याबरोबर घरी येतो. निजामाच्या राज्यात मी वसमतला हलीमा चाचींच्या हाताखाली हे काम शिकले. चाची आता नाहीत. किस्से अजून माझ्या घरी ठाण मांडून बसलेत.

पोटुशी बाईला चाची "नवरा मारतो का?" असं कधीच विचारत नसत. सासू शेजारी बसलेली, बाई काय बोलणार? तेल लावता लावता त्या हळूच विचारत, "कोणत्या कुशीवर झोपता येत न्हाई?" एका सासूनं सांगितलं, सून विहिरीवर पडली. चाचींनी सुनेच्या दंडावरचे चार वळ मोजले आणि म्हणाल्या, "तुमच्या विहिरीला बोटं बी हायेत व्हय?"

बाळंतिणीच्या खोलीत बारा दिवस पुरुषानं पाऊल टाकायचं नाही, ही चाल आमच्या फार कामाची. औंढ्याचा एक नवरा हात शिवशिवत दाराबाहेर दिवस मोजत बसे. चाचींनी त्याला चाळीस सांगितले. तो म्हणाला, चाळीस तुमच्यात, आमच्यात बारा. "लेकरू माझ्या हातावर आलं. दिवस बी माझेच," चाची म्हणाल्या. बसला मोजत!

त्यानंच पुढं मला विचारलं, काल भर दुपारी आत अंगाई कोण म्हणत होतं? त्या दुपारी आम्ही दोघी वसमतला होतो. त्याच्या घरात तिसरं मोठं माणूस नव्हतं आणि त्याची बायको जन्माची मुकी.

दिवस न मानणाऱ्यांसाठी राख होती. पाचवीला सटवाई लेकराचं नशीब लिहायला येते, म्हणून उंबऱ्यावर चुलीतली राख पसरायची. चाची मूठ वळून राखेत दाबत, वर बोटानं पाच ठिपके देत. झालं सटवाईचं पाऊल, आत जाणारं! ते दिसलं की भलेभले माघारी फिरत. मला हसू आवरायचं नाही.

जवळा बाजारच्या सुंदराच्या वेळी मात्र हसू आलं नाही. तिला माहेर नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात नवऱ्यानं लाथ घातली आणि पोटातली मुलगी गेली. मीच तिला या हातांनी बाहेर काढलं होतं. आता मुलगा झाला होता, तरी हे लेकरूही जिवंत ठेवत नाही, असं तो गावभर सांगत होता.

पाचवीच्या दुपारी आम्ही मागच्या अंगणात पाणी तापवत होतो. पुढं काठी पडल्याचा आवाज आला. धावत गेलो. काठी दारात पडलेली आणि नवरा उंबऱ्याकडे बघत उलट्या पावली मागे जात होता. तो परत त्या घरात आला नाही.

चाची म्हणाल्या, "पोरी, पावलं बराबर काढलीस आज."

"मी न्हाई काढली. मला वाटलं तुमीच काढली."

सकाळी मी राख तेवढी पसरली होती, पावलं काढायची दोघींच्याही ध्यानातून गेली होती. आम्ही खाली वाकून पाहिलं. ती मुठीएवढी नव्हती. दोन वर्षांचं लेकरू उभं राहावं, तेवढी होती. आमची पावलं नेहमी आत जाणारी. ह्या पावलांची बोटं बाहेरच्या बाजूला होती, नवरा उभा होता तिकडं.

चाचींनी ती राख मला झाडू दिली नाही.