चाळीस फुटांवरचे अण्णा

अण्णांना माझा चेहरा ठाऊक नव्हता. नऊ सीझन मी त्यांना जेवण पोचवलं, पण ते मला ओळखायचे ते डोक्याच्या भांगावरून. एकदा कारखान्यातल्या पूजेच्या जेवणाला ते पंगतीत बसले होते. मी वाढायला गेले तर परक्या बाईला म्हणावं तसं "बास, बास" म्हणाले. पुढच्या पानावर वाढायला मी खाली वाकले, तेव्हा म्हणाले, "आवं, तुमी व्हय ताई. वरनं बघितल्याबिगार मला माणूस कळत न्हाई."

फलटणकडच्या एका साखर कारखान्यात ते उसाच्या क्रेनवर होते आणि मी तिथलं कॅन्टीन चालवते. काट्यावर वजन झालं की उसाच्या ट्रॉल्या क्रेनखाली येतात. खालची माणसं उसाला साखळ्या लावतात, क्रेन ती अख्खी मोळी उचलते आणि गव्हाणीत टाकते. तिथून ऊस गाळपाला जातो. ही क्रेन चालवणारा माणूस चाळीस फुटांवर पत्र्याच्या केबिनमध्ये बसतो. केबिन चार फूट बाय चार फूट, तिन्ही बाजूंनी काच, खाली उतरायला उभी लोखंडी शिडी. अण्णा पाळी सुरू होताना चढायचे आणि पाळी संपल्यावर उतरायचे. बदलीचा माणूस आला नाही तर तेव्हाही उतरायचे नाहीत.

वर बसून त्यांना साऱ्या कारखान्याची टाळकी पाठ झाली होती. "शेतकीच्या सायबाला टक्कल पडाय लागलंय, त्याला ठावं न्हाई अजून," असं ते वरून मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात सांगायचे. माझे केस पिकायला लागले हेही मला प्रथम त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, "भाकरीकडं लक्ष द्या."

जेवण बादलीतून वर जायचं. ते दोर सोडायचे, मी बादलीत डबा ठेवायचे, आणि बादली डुगडुगत वर जायची. डबा रिकामा होऊन यायचा, पाण्याची बाटली मात्र भरलेलीच परत यायची. कारण उघड होतं. पाणी प्यायलं की उतरावं लागतं. उतरायचं तर खाली ट्रॉल्यांची रांग तुंबते आणि ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवतात. वर लघवीसाठी एक निळा कॅन ठेवलेला असायचा, पण तो वापरायची त्यांना लाज वाटायची. मी ओरडायचे. ते म्हणायचे, "ताई, माझा बाप आटपाडीच्या माळावरनं मेंढरं घिऊन निघायचा, ते कोकणात उतरायचा. आन् मी बघा. खुराड्यात."

माझी मुलगी प्राजक्ता सांगलीला इंजिनिअरिंगला आहे. तिला जपानी सिनेमांचं वेड. सुट्टीला आली की असलंच काहीतरी माझ्या फोनमध्ये घालून जाते. त्यात एक सिनेमा होता, हिंदीत केलेला. नाव जपानी, माझ्या तोंडात बसत नाही. दहा मजली लोखंडी माणूस, त्याच्या छातीत एक खोली, खोलीत बसून एक तरुण तो चालवतो आणि समुद्रातून येणाऱ्या राक्षसांशी लढतो. मी दहा मिनिटं पाहिला आणि ठेवून दिला. एक दिवस ऊस संपला म्हणून मिल थांबली होती, अण्णा वर नुसते बसून होते. त्यांना काहीतरी करमणूक म्हणून मी फोन बादलीत घालून वर पाठवला.

संध्याकाळी फोन खाली आला तो तक्रारी घेऊनच. "त्या पोराला कुणी शिकिवलंय? असा हिसका दिला तर दोर तुटंल की. आन् एवढं वजन उचललंय तर पाय आदी रोवायचा का न्हाई?" राक्षसाबद्दल त्यांना काहीच म्हणायचं नव्हतं. मग, "ताई, त्ये आत बसतंय, जेवतंय कवा? आन् मोकळं व्हायला कुठं जातंय?"

"मला काय माहीत. तुम्हीच बघा पुढं."

पुढचे चार-पाच दिवस फोन रोज डब्याबरोबर वर जात राहिला, जेवणापुरता थोडा थोडा सिनेमा बघायला. अण्णांना सगळ्यात लागलं ते एकच. ते यंत्र त्या तरुणाशिवाय कुणाच्या हाताला येत नाही, म्हणून वरिष्ठ लोक त्याच्या खोलीचं दार बाहेरून बंद करून टाकतात. युद्ध संपेपर्यंत त्याने बाहेर यायचं नाही. "बघा," अण्णा म्हणाले, "ज्याला येतंय त्यालाच कोंडत्यात."

हे त्यांचं खरं दुखणं होतं. गुडघे गेले होते. खाली गेटवर किंवा स्टोअरमध्ये काम द्या, असा अर्ज ते दर सीझनला करायचे. दर सीझनला उत्तर एकच, एवढा सीझन काढा, माणूस तयार करा, मग उतरा. सहानुभूती मलाही होती. पण मी खाली उभी राहून दुसरी बाजूही बघत होते. तयार व्हायला माणसं वर जायची आणि चौथ्या दिवशी शिडीवरून खाली यायची. एकाचा हात जड, एकाची नजर कच्ची, एकाला घाई. शंकर तर दीडच दिवस टिकला. हा बारा वर्षं खाली उसाला साखळ्या लावणारा, चाळिशी ओलांडलेला शांत माणूस. त्याची मोळी गव्हाणीवर जरा झोकांडली, तर अण्णांनी त्याला क्रेनच्या दांडक्यावरून हात काढायला लावला. "खाली माणसं हायती, शंकर. ऊस सांडला तर चालंल, माणूस न्हाई." शंकर म्हणाला, "ती माणसं म्हंजे आमीच की." आणि उतरून साखळ्या लावायला लागला.

अण्णा कोंडण्याचं बोलले त्याच दिवशी डबा बादलीत ठेवताना मी वर बघून सांगितलं, "अण्णा, त्या पोराला बाहेरून कोंडलं होतं. तुमची कडी आतून आहे."

दोन दिवस बादली मुकाट वर गेली आणि मुकाट खाली आली.

तिसऱ्या दिवशी सिनेमा संपला होता. शेवटी तो लोखंडी माणूस समुद्रकाठी गुडघे टेकून बसतो, लोक शिड्या घेऊन धावतात, आणि तिथेच काळोख. अण्णा चिडले. "उतरलं का न्हाई त्ये दावायला नगं?" मी प्राजक्ताला फोन लावला आणि आवाज मोठा करून वर धरला. ती म्हणाली, "अण्णा, दुसरा भाग येणार आहे."

वरून आवाज आला, "म्हंजे आनी एक सीझन."

त्यानंतर आठवड्याभरात ते झालं. दुपारी दोनला पाळी संपली, बदलीचा माणूस नेहमीसारखा आला नव्हता, आणि अण्णा दुसऱ्या पाळीला बसायच्या आधी पाय मोकळे करायला उठले. उठले ते तसेच राहिले. दोन्ही गुडघे आखडले. केबिनबाहेरच्या कठड्याला धरून दोन पावलं सरकता येत होतं, पण शिडीवर पाय वाकेना. शिडीभोवती लोखंडी कड्या, एकाच माणसापुरती जागा. पाठीवर घेऊन उतरवायची सोय नव्हती. खाली माणसं जमली, ज्याने त्याने सल्ला दिला. बादलीचा दोर हातात धरून मी ऐकत होते.

क्रेनला ग्रीस भरायला एक लोखंडी पाळणा होता. तो हुकाला अडकवून माणूस वरखाली नेता यायचा. उपाय तेवढाच, आणि अडचणही तीच. बदलीवाले ऊस टाकण्यापुरते होते; पाळण्यात माणूस असताना तो अलगद टेकवेल असा हात कारखान्यात एकच होता, आणि त्यालाच पाळण्यात बसायचं होतं.

"सायेब बगत्यात काय तरी," अण्णा वरून म्हणाले. "मी थांबतो."

"किती थांबणार?" मी ओरडले. "शंकर, जा वर."

शंकरने माझ्याकडे पाहिलं, मग वर. अण्णा शिडीच्या तोंडापासून बाजूला सरकले. शंकर शिडी चढला. अण्णांनी उभ्याउभ्याच रिकामा पाळणा कठड्याला आणून लावला, दांडके सोडले आणि सरकत सरकत त्यात जाऊन पाय पसरून बसले. त्यांच्या खुर्चीत शंकर बसला. काच उघडी होती म्हणून आम्हाला ऐकू आलं. "अण्णा, बारा वर्सं तुमी माझ्या डोक्यावरनं मोळ्या न्हेल्या. मी कवा वर बघितलं न्हाई. आता तुमी खाली बघू नका."

पाळणा हलला. अण्णा बोटांनी खुणा करत होते, हळू, डावीकडे, थांब. पहिल्या दहा फुटांत पाळणा एकदा झोकांडला. त्यांनी दोन्ही हात वर केले, आणि मला वाटलं आता ते ओरडून परत वर न्यायला लावतात. शंकर थांबला. झोका पूर्ण विरेपर्यंत त्याने काहीच केलं नाही. मग पुन्हा सोडायला सुरुवात केली, इतकं हळू की साखळी हलतेय की नाही कळेना. निम्म्यावर आल्यावर अण्णांचे हात खाली आले. ते त्यांनी मांडीवर ठेवले आणि परत उचलले नाहीत.

जमिनीला टेकल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. आम्ही दोघातिघांनी त्यांना धरून बाहेर काढलं. त्यांनी वर पाहिलं. त्यांनी ती केबिन खालून अशी बघितली ती मला वाटतं पहिल्यांदाच. "लय बारकी हाय की," म्हणाले. आणि मग, "ताई, पाणी द्या." दोन तांबे प्यायले.

पुन्हा ते चढले नाहीत. तो सीझन शंकरने काढला. त्यानंतर अण्णांनी रीतसर निवृत्ती घेतली आणि आटपाडीकडे गावी गेले. निरोपाला शाल, नारळ, भाषणं झाली. मला त्यांनी बादलीचा दोर दिला. म्हणाले, शंकरला नवा घ्या, ह्यो झिजलाय. मी तो कपडे वाळत घालायला बांधलाय.

आता माझंही सांगते, कारण ते त्यांच्यामुळेच झालं. अकरा वर्षांत मी सीझनमध्ये एक दिवस कॅन्टीन सोडलं नव्हतं. आमटी माझ्याशिवाय कुणाला जमत नाही, अशी माझी खात्री होती. हाताखालच्या सुनीताकडून मी पळी किती वेळा काढून घेतली असेल त्याची मोजदाद नाही. अण्णा गेल्यावर पुढच्या हंगामात, ऐन गर्दीच्या आठवड्यात, मी तिच्या हातात पळी दिली आणि सांगलीला प्राजक्ताकडे गेले. दोन दिवस राहिले. तो सिनेमा पहिल्यापासून पाहिला. परत आल्यावर कळलं, आमटी खारट झाली होती. कुणी मेलं नव्हतं.

अण्णांना फोन करून हे सांगितलं. पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता, दोन-चार पाळलीत म्हणे, बसल्या जागी राखण्यापुरती.

"मंग," ते म्हणाले, "उतरलासा म्हणायचं."