निशाण कुणी चढवलं

माझ्या वडिलांच्या लढाईला आमच्या नात्यागोत्यात डाळीची लढाई म्हणायचे. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी मुंबईच्या बंदरात आरमारातल्या देशी खलाशांनी गोऱ्या अधिकाऱ्यांविरुद्ध संप केला, गोळ्या झेलल्या, त्यात बाबा होते. वय अठरा. ठिणगी पडली ती खडे निघणाऱ्या डाळीवरून, आणि बाबा सांगायचेही तेवढंच. पुढचं विचारलं की अडकित्ता शोधायला लागायचे. मग लोकांनी पुढचं आपल्या मनाने लावलं. दंगा केला, हाकलून दिलं. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी हमखास ओरडायचं, "यांना डाळ जपून वाढा रे!" बाबा हसायचे. मला त्या हसण्याचा संताप यायचा, आजही येतो.

स्वातंत्र्य आलं, पण आपल्या आरमारानेही त्यांना परत घेतलं नाही. साताऱ्यात कापडाच्या दुकानात ठाणं उलगडत त्यांचा जन्म गेला. स्वातंत्र्यसैनिक म्हणून नोंद व्हावी म्हणून सरकारदरबारी खेटे घातले, चपला झिजवल्या. हे सैनिक की संपकरी, याचाच तिथे काथ्याकूट होत राहिला.

आता ते सत्त्याण्णव वर्षांचे आहेत आणि आमच्याकडे न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनला असतात. एप्रिलमध्ये इथे सगळा देश आपल्या सैनिकांच्या आठवणीत छातीवर लाल कागदी फूल लावतो. यंदा मी बाबांसाठीही एक आणलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि टेबलावर ठेवलं. "हे सैनिकांचं असतं," म्हणाले. मी चिडून म्हटलं, "मग तुम्ही कोण होतात?" ते अडकित्ता शोधायला लागले.

त्याच आठवड्यात आम्ही ऑकलंडहून परत येत होतो. गाडी माझी लेक चालवत होती. ती इथेच जन्मली, मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत देते. बाबांना लघवीला लागली म्हणून तिने वाटेतल्या रांगिरिरी गावात गाडी वळवली. काम उरकल्यावर बाबांना समोर मातीचे उंच बांध दिसले आणि ते वॉकर ढकलत तिकडेच निघाले. बांधापाशी माझ्याच वयाची एक माओरी बाई हातमोजे घालून कचरा वेचत होती. "किया ओरा," असा तिने तिच्या भाषेत नमस्कार केला आणि बाबांकडे बघून आपण होऊन सांगायला लागली. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी तिच्या लोकांनी इथे इंग्रजांची फौज अडवली होती. दिवसभर ती फौज त्यांना हटवू शकली नाही. सकाळी पांढरं निशाण वर गेलं, ते बोलणी करण्यासाठी. शिपाई आत शिरले, म्हणाले, हरलात, टाका बंदुका. माणसं धरून नेली आणि ऑकलंडच्या बंदरात एका जुन्या जहाजावर कोंडली. जमिनीही गेल्या.

बाबांना ऐकू कमी येतं. लेक त्यांच्या कानाशी वाकून चक्क मराठीत सांगत होती, "आजोबा, त्यांनी व्हाइट झेंडा वर केला. टॉक करायला. पण सोल्जर्सना वाटलं, दे लॉस्ट."

"आमचं काळं होतं," बाबा म्हणाले.

"काय काळं?" मी विचारलं.

"निशाण. मी सिग्नलला होतो. मीच चढवलं." वॉकर घट्ट धरून ते बोलत राहिले. स्वातंत्र्याच्या चळवळीतल्या पुढाऱ्यांनी निरोप पाठवला होता, थांबा, कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही. खलाशांच्या कमिटीने तो मानला आणि संप थांबल्याची खूण म्हणून काळं निशाण चढवा, असा जहाजाजहाजाला हुकूम गेला. "तोफेवरच्या एका पोराने माझा हात धरला. म्हणाला, जरा थांब ना. मी थांबलो नाही. तासाभरात बंदरात गोऱ्यांचे ट्रक आले आणि सगळ्यांना घेऊन गेले. त्यालाही."

मला साठी आली, आणि हे मी पहिल्यांदा ऐकत होते. डाळीच्या आड त्यांनी हे लपवलं होतं.

लेकीने त्या बाईला सांगितलं, "माय ग्रँडफादर सरेंडर्ड टू."

एवढा एक शब्द बाबांना बरोबर ऐकू आला. "सरेंडर नाही म्हणायचं! आम्ही आपल्या माणसांचं ऐकलं. गोऱ्यांचं नाही."

"ओके, आजोबा, सॉरी. मग काय म्हणू? व्हॉट्स द वर्ड?"

बाबा शब्द शोधत राहिले. मीही शोधला. शरण नव्हे, तह नव्हे, माघारही नव्हे. मराठीतसुद्धा सापडेना.

शेवटी ते म्हणाले, "तिला विचार, ते पांढरं निशाण ज्याने चढवलं, त्याचं पुढे काय झालं?"

बाईने मान हलवली. तिला ठाऊक नव्हतं. तिच्या आजीनेही कधी त्याचं नाव सांगितलं नव्हतं.

ते कळल्यावर बाबांनी बांधाकडे पाहिलं. मग म्हणाले, "नावही उरलं नाही? सुटला."

"ही सेज ही एस्केप्ड," लेकीने सांगितलं. बाईचा चेहरा उजळला. हो, हो, म्हणाली, त्या कैद्यांमधले पुष्कळजण नंतर खरंच निसटले. लेकीने खुशीत ते आजोबांच्या कानात सांगितलं. बाबांनी तिची चूक सुधारली नाही. "हो का? छान झालं," एवढंच म्हणाले.

बाईने हातमोजे काढले, बाबांचे दोन्ही हात हातात घेतले आणि त्यांचं नाव विचारलं. मला लक्षात ठेवायचंय, म्हणाली. एवढ्या वर्षांत असं कुणीही विचारलं नव्हतं. लेक सांगणार, तोच बाबांनी हात सोडवून नातीचं मनगट धरलं.

"नाव नको सांगू," म्हणाले. "चला आता."

आम्ही ते सांगितलं नाही. इथेही मी ते लिहीत नाही.