दत्तूभाऊंनी आणलेला माउस

मिरजगावातल्या आमच्या फ्लेक्सच्या दुकानात किस्से धुळीसारखे साठतात. एक झाडावा, तेवढ्यात दुसरा येऊन बसतो. त्यातले निम्मे तरी एका माउसचे आहेत. मालक दत्तूभाऊंनी तो नगरहून आणला. वायरलेस, काळा, आणि इतका स्वस्त की किंमत सांगताना त्यांचं त्यांनाच हसू आलं.

*

या माउसला झोपेची सवय. जरा हात काढला की बंद. मग टेबलावर आपटून उठवायचा. एकदा शेजारच्या गावचे सरपंच सत्काराचा फ्लेक्स करायला आले होते. माझी आपटाआपटी ते बराच वेळ बघत बसले. काय झालं विचारलं, तर मी म्हटलं, बॅटरी वाचवायला झोपतो.

"मंग आमच्या हापिसातल्या शिपायावानीच हाय की," ते म्हणाले. "त्यो बी हलवल्याबिगर उठत न्हाई."

*

मग दत्तूभाऊंनी हौसेनं काचेचं टेबल आणलं. काचेवर हा माउस चालेना. स्क्रीनवरचा बाण एका जागी थरथरायचा नुसता. मी उरलेल्या फ्लेक्सचा तुकडा कापून खाली घातला, तर लोण्यासारखा चालायला लागला. तुकड्यावर तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा चेहरा होता, तिकडे माझं लक्षच नव्हतं.

चार दिवसांनी तेच पुढारी मोठी ऑर्डर घेऊन दारात. माझा माउस नेमका त्यांच्या नाकावर. दत्तूभाऊंचा चेहरा पडला. पुढाऱ्यांनी वाकून पाहिलं, थोडा विचार केला आणि हळूच मला विचारलं, "समोरच्या पार्टीवाल्याचा तुकडा न्हाई का शिल्लक?"

*

पुढं माउसचं बटण बिघडलं. एकदा दाबलं की दोनदा लागायचं. एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे फोटो टाकताना पोपटराव नावाचे गृहस्थ दोनदा आले. कुणाच्या ध्यानात आलं नाही आणि फ्लेक्स स्टँडवर लागला. बाकीचे शुभेच्छुक संध्याकाळी भांडायला आले. सगळ्यांनी वर्गणी सारखी दिली असताना पोपटराव दोनदा का? भाऊंनी हातापाया पडून त्यांना वाटेला लावलं.

ते गेल्यावर खुद्द पोपटराव आले. मला वाटलं, आता हेही ओरडणार. त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

"गणपतीच्या फ्लेक्सवर बी असंच जमंल का?"

*

एवढं होऊनही भाऊंनी रुबीनासाठी तसलाच दुसरा माउस आणला. रुबीना माझ्या मागच्या टेबलावर डिझाइन करते. आता नवीच गंमत झाली. दोन्ही माउस एकाच जातीचे, त्यामुळे कधीकधी ती तिचा हलवायची आणि माझ्या स्क्रीनवरचा बाण चालू लागायचा. आम्ही वैतागून गेलो होतो.

त्याच आठवड्यात साखरपुड्याच्या फ्लेक्ससाठी मंडळी आली. नवऱ्यामुलाचा मामा, नवरीमुलगी आणि तिचे वडील. मुलगा बी.ए., मुलगी एम.एस्सी. मामांनी स्क्रीन पाहिली आणि मुलीची डिग्री काढायला सांगितली. लोक नावं ठेवतील म्हणाले. मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी भाऊंकडे पाहिलं. त्यांनी नजर फिरवली. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

मी डिग्री पुसली. बाण आपोआप वर सरकला, पुसलेलं परत आणणाऱ्या बटणावर गेला, आणि एम.एस्सी. पुन्हा हजर. मी परत पुसली. परत आली. तिसऱ्यांदा मी माउसवरचा हातच काढून घेतला, तर बाण सावकाश मामांच्या फोटोवर जाऊन थांबला. फोटो जरा लहान झाला. मग आणखी लहान.

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या ती डिग्री," मामा घाईनं म्हणाले.

मुलगी पहिल्यांदाच हसली. मंडळी गेल्यावर मी मागं वळून रुबीनाला म्हटलं, कमाल केलीस हं.

तिनं डब्यातून मान वर केली. ती कधीची जेवत होती, आणि तिचा माउस सकाळपासून भाऊंच्या ड्रॉवरमध्ये सेलविना पडला होता.