साळवींचं जमा रिव्हॉल्वर

"म्हात्रे, आचारसंहिता उठून चार दिवस झाले. माझं वेपन काढा," साळवी तिसऱ्यांदा म्हणाला आणि त्याने जमा पावती टेबलावर आपटली.

पावती बरोबर होती. लायसन्स चालू होतं. रजिस्टरला त्याची एक सही, माझी एक सही, की पेटी त्याच्या हातात. मी पेन धरून बसलो होतो आणि सही करत नव्हतो.

मी तेव्हा भाईंदर पूर्वेला एका पोलीस ठाण्यात हवालदार होतो. दोन हजार नऊच्या आसपासची गोष्ट. निवडणूक लागली की परवानावाल्यांनी आपली शस्त्रं ठाण्यात जमा करायची असतात. आम्ही नंबर तपासतो, काडतुसं मोजतो, पावती देतो आणि पेटी लॉकरला ठेवतो. निवडणूक संपली की परत. मधल्या काळात ही मंडळी नुसती कासावीस. रोज फोन. "आमचा हक्क आहे," म्हणतात. हक्क कसला डोंबलाचा! आपल्याकडे तो परवाना असतो. सरकार देतं, सरकार काढून घेतं. माझं मत विचाराल तर, घरातल्या रिव्हॉल्वरने चोर पकडलेला मी एकोणतीस वर्षांत एक पाहिला नाही. वरातीत मंडपाला भोकं पाडलेले दोन पाहिले. पण मत घरी ठेवायचं, टेबलावर नियम चालतो.

मग माझं पेन का अडलं? साळवीची बायको बाकावर बसली होती, तिच्यामुळे. दीड महिन्यापूर्वी तो वेपन जमा करायला आला तेव्हाही ती सोबत होती. वेणी कमरेपर्यंत, लक्षात राहील अशी. आज केस जेमतेम मानेपर्यंत.

"वहिनी, एवढे केस कापलेत?" मी सहज विचारलं.

उत्तर साळवीने दिलं. "दान केलेत तिने. कॅन्सरच्या पेशंटसाठी विग करतात ना, त्यांना. आमच्या बाईंचं मन फार मोठं!"

वहिनींची नजर माझ्याकडे नव्हती, साळवीकडे नव्हती. लॉकरच्या दारावर होती. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. केस दान म्हणजे मला तिरुपती ठाऊक. संस्था-बिंस्था कुठे ऐकली होती? उलट बायकोला धडा शिकवायचा म्हणून घरात कात्री चालवणारे नवरे मी लॉकअपमध्ये टाकले होते.

"साहेबांचा शेरा लागतो, घेऊन येतो," अशी थाप मारून मी आत सीनियर साहेबांच्या केबिनला गेलो.

"तक्रार आहे तिची?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब."

"मग? बाईने केस कापले म्हणून वेपन अडवायचं? अर्ध्या मीरा रोडने केस कापलेत, म्हात्रे. हा माणूस जमिनीची कामं करतो, वर ओळखी आहेत. उद्या मला फोन येईल. अर्धा तास देतो. काही लेखी असेल तर दाखव, नाहीतर पेटी देऊन मोकळा हो."

नवऱ्यासमोर ती तोंड उघडणार नव्हती. मी बाहेर येऊन साळवीला म्हटलं, "लायसन्सची झेरॉक्स लागेल. सगळ्या पानांची, दोन सेट."

"आधी नाही सांगितलंत?"

"आता सांगतोय ना."

आईबहीण पुटपुटत तो निघाला. बाहेर लोडशेडिंग चालू होतं. जनरेटरवाला झेरॉक्स शोधायचा म्हणजे वीस मिनिटं नक्की. मी जाधवबाईंना, आमच्या कॉन्स्टेबलना, वहिनींच्या शेजारी बसवलं आणि समोर खुर्ची ओढली.

"ताई, घाबरू नका. केस कुणी कापले?"

तिला राग आला. "दान केले म्हणून सांगितलं ना!" पर्समधून तिने घडी घातलेला कागद काढला. संस्थेचं आभारपत्र. वैशाली साळवी, केसांची लांबी, तारीख, शिक्का. सगळं खरं होतं. माझा सपशेल पोपट झाला. "माफ करा ताई," म्हटलं आणि उठलो.

"का दिले, ते नाही विचारलंत," ती म्हणाली.

मी परत बसलो.

"वेणी हाताला गुंडाळून धरायचा. एका हातात वेणी, दुसऱ्या हातात ते, तुमच्या लॉकरमधलं. इथे लावायचा." तिने कानशिलावर बोट ठेवलं. "जमा झालं त्याच आठवड्यात मी पार्लरला गेले. म्हटलं, मानेपर्यंत काप. पार्लरवाली म्हणाली, एवढे सुंदर केस कचऱ्यात कशाला, दान करा. म्हटलं, कर. त्याला दानाचंच सांगितलं. तो सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटला."

जाधवबाईंनी तिचा हात धरला.

"लेखी द्याल?"

"आणि लिहून दिल्यावर तुम्ही ते त्याला परत दिलंत तर? घरी मला जायचंय, साहेब." तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "लायसन्सच्या चौकशीला तुम्हीच आला होतात ना? चहा मी आणून दिला होता तुम्हाला."

खरं होतं. मीच गेलो होतो. सोसायटीत दोन माणसांना विचारलं, चहा प्यालो आणि रिपोर्टला लिहिलं: वर्तणूक चांगली, हरकत नाही. चहा आणणाऱ्या बाईला एक शब्द विचारला नव्हता. इतकी लाज मला नोकरीत कधी वाटली नाही.

"माझ्या सहीशिवाय पेटी निघत नाही," मी म्हटलं. "आणि मी सही करत नाही. लिहा."

ती लिहायला लागली. अक्षर नीट, ओळी सरळ. दुसरं पान अर्धं झालं आणि साळवी झेरॉक्स घेऊन दारात उभा.

"हे काय चाललंय? वैशाली, उठ."

ती लिहीत राहिली.

"म्हात्रे, वेपन द्या. माझा हक्क आहे तो!"

रागावलो की माझ्या गावची, तारोडीची बोली बाहेर येते. "न्हाय देत! काय कराचा हाय ता कर!"

आवाज ऐकून साहेब केबिनच्या दारात आले. साळवीला ते दिसले नाहीत. तो बाकापाशी गेला आणि सवयीने त्याचा हात तिच्या मानेमागे गेला. मूठ वळली. मुठीत काही आलं नाही. तो स्वतःच क्षणभर हाताकडे बघत राहिला. अख्खं ठाणं बघत होतं. तिने मान वर केली नाही, वाक्य पूर्ण केलं आणि खाली सही केली.

"म्हात्रे," साहेब म्हणाले, "स्टेशन डायरीला नोंद घ्या. पेटीला सील करा. गुन्हा दाखल करा."

आम्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे रिपोर्ट पाठवला. फोन आले, साहेबांनी ते झेलले. परवाना आधी निलंबित झाला, मग रद्द. वैशालीताई भावाकडे वसईला गेल्या, त्या परतल्या नाहीत.

परवान्याच्या अर्जात शस्त्र कशासाठी हवं, असा रकाना असतो. सगळे स्वसंरक्षण लिहितात. घरात त्या माणसापासून कुणाला संरक्षण हवंय का, हा रकाना नसतो. पुढे मी चौकशीला गेलो की अर्जदाराला जिन्यात उभं करायचो आणि आधी बाईंशी बोलायचो. निवृत्त होईपर्यंत तीन अर्जांना प्रतिकूल शेरा मारला. साहेब एकदा म्हणाले, "फार कडक झालात, म्हात्रे." मी म्हटलं, "उशिरा झालो, साहेब."